बोल्ट अडतो कुठे?

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ कॅनडाची पहिली डिव्हिजन जर्मनांच्या क्लोरिन वायूला आणि त्यामागून चालून येणाऱ्या पायदळाला तोंड देत होती. नेमक्या त्याच दिवसांत सैनिकांच्या हातातल्या रॉस रायफली दगा देऊ लागल्या. काही गोळ्या झाडल्या की बोल्ट जागचा हलेना. हाताने ओढून भागेना, तेव्हा सैनिक रायफलचा दस्ता जमिनीवर टेकवून बोल्टच्या हॅन्डलवर बुटाची टाच मारत, नाहीतर खंदक खणायच्या हत्याराच्या दांड्याने ते ठोकत. लढाईतून वाचलेल्या सुमारे ५,००० जणांपैकी १,४५२ जणांनी आपली रॉस टाकून देऊन ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफल उचलली होती.

रॉस ही मुळात वाईट रायफल नव्हती. ती तयार करणारे सर चार्ल्स रॉस हे स्कॉटलंडचे जमीनदार, शिकारीचे शौकीन. त्यांची .२८० रॉस ही शिकारी रायफल महायुद्धाआधी नावाजलेली होती, आणि इंग्लंडमध्ये बिस्लेच्या नेमबाजीच्या मैदानावर रॉस रायफलींनी भल्याभल्यांना मागे टाकले होते. मग खंदकात काय बिघडले? शोध घेतल्यावर दोन वेगळी कारणे निघाली. पहिले काडतुसांचे. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जी जागा असते तिला चेंबर म्हणतात. रॉसचे चेंबर कॅनडातल्या काटेकोर मापाच्या काडतुसांसाठी घट्ट कापलेले होते. युद्धाच्या घाईत ब्रिटनमध्ये बनलेली काडतुसे किंचित जाड निघत आणि गोळी सुटल्यावर चेंबरमध्ये रुतून बसत. दुसरे कारण पोलादाचे. बोल्ट मागे ओढला की त्याच्या डोक्यावरच्या आट्यांपैकी मागचा आटा एका छोट्या अडसरावर आपटून थांबे. आपटून आपटून तो आटा चेपला जाई, आणि चेपलेला आटा पुढच्या वेळी आपल्या खाचेत शिरताना अडून बसे. बुटाची टाच पहिल्या अडचणीवर घटकाभराचा उतारा होती. दुसरी अडचण मात्र प्रत्येक लाथेगणिक वाढत होती.

आजच्या शिकारी रायफलीचे दुखणेही याच वळणाचे असते. ‘बोल्ट अडतो’ एवढ्याने काहीच कळत नाही. हॅन्डल वर उचलताना अडतो, मागे ओढताना मध्येच अडतो, की पुढे ढकलून बंद करताना अडतो? रायफल रिकामी असतानाही अडतो, की फक्त गोळी झाडल्यावर? या प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली की निम्मे निदान झाले. हातोडी उचलण्याआधी एवढी विचारपूस व्हायलाच हवी.

आधी यंत्रणा पाहू. बोल्ट म्हणजे नळीच्या मागे सरकणारा पोलादी दांडा. तो पुढे ढकलला की काडतूस चेंबरमध्ये जाते, हॅन्डल खाली दाबले की बोल्ट फिरतो आणि त्याच्या डोक्यावरचे दोन जाड कान, ज्यांना लग म्हणतात, समोरच्या खाचांमध्ये अडकतात. गोळी सुटताना मागे येणारा सगळा धक्का हे दोन लग झेलतात. जर्मनीच्या पाउल माउझर यांची १८९८ ची रचना आजच्या बहुतेक शिकारी रायफलींची पूर्वज आहे. तिच्यात बोल्ट पाव वळसा फिरतो. ली-एनफिल्डमध्ये सुमारे ६० अंश. या फिरण्याचा आणखी एक उपयोग असतो आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हॅन्डलच्या मुळाशी एक उतरती कड असते. हॅन्डल वर उचलताना ही कड रायफलच्या अंगावरच्या दुसऱ्या कडेवर घासत चढते आणि बोल्टला अगदी थोडे, पण मोठ्या ताकदीने मागे रेटते. घट्ट बसलेले बाटलीचे बूच सरळ न उपटता आधी पिळून सैल करावे, तसे हे काम. गोळी झाडल्यावर उरलेली रिकामी पुंगळी या पहिल्या रेट्यानेच चेंबरच्या भिंतीपासून सुटते. पुढचे ओढणे सोपे असते.

रॉस सरळ ओढायची रायफल होती, तिच्यात हॅन्डल उचलणे नव्हतेच. त्यामुळे पुंगळी सैल करायचा हा पिळाचा रेटा तिच्याकडे अगदी अपुरा होता.

तपासणीची सुरुवात नेहमी रिकाम्या रायफलीपासून करावी. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझिन काढलेले, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलेले. मग बोल्ट बंद करायचा आणि ट्रिगर न दाबता तसाच पुन्हा उघडायचा. हॅन्डल सहज वर आले, तर आता बोल्ट बंद करून रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबायचा आणि पुन्हा उघडायचा. या वेळी ते जड लागले, तर अडचण फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या सुईच्या, स्प्रिंगपाशी आहे. माउझर ९८ घराण्यात हॅन्डल उचलतानाच ही स्प्रिंग ताणली जाते, म्हणून थोडा जडपणा स्वाभाविक आहे. तो खरखरीत किंवा फार जड वाटत असेल तर बोल्टच्या मागच्या भागातली तिरकी खाच कोरडी पडलेली असते. तिथे ग्रीसचा बारीकसा ठिपका लावला की बहुतेक वेळा काम होते. उलट ली-एनफिल्ड आणि १८९६ ची स्वीडिश माउझर बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग ताणतात. या रायफलींचा बोल्ट शेवटच्या इंचभरात जड लागला तर तो बिघाड नव्हे, त्यांची रीतच तशी आहे. हे न कळल्याने चांगल्या रायफली कारागिराकडे नेल्या जातात, कानस लावून बिघडवल्या जातात.

रिकाम्या रायफलीत दोन्ही वेळा हॅन्डल जड लागले, तर संशय स्क्रूंवर घ्यावा. दुर्बीण बसवण्यासाठी रायफलच्या पाठीवर जी पट्टी लावतात तिचा पुढचा स्क्रू थोडा लांब असला की त्याचे टोक आत उतरते आणि थेट वरच्या लगला घासते. १९६२ पासून बाजारात असलेल्या रेमिंग्टन ७०० या अमेरिकी रायफलीत ही तक्रार नेहमीची आहे. नवी दुर्बीण बसवली आणि त्याच आठवड्यात बोल्ट जड झाला, असे कुणी सांगितले तर निदान जवळपास झालेच. खातरजमा करण्याची जुनी युक्ती सोपी आहे. लगवर काजळी धरायची किंवा काळ्या मार्करची शाई लावायची, बोल्ट दोन-चार वेळा उघडझाप करायचा आणि बाहेर काढून उजेडात पाहायचा. वरच्या लगवर काळ्यात एकच बारीक चकचकीत रेघ उमटली असेल, तर ती स्क्रूच्या टोकाची सही आहे. स्क्रू काढून पाव-अर्धा आटा घासून बसवला की त्रास संपतो. दस्त्याला रायफल पक्की करणारे खालचे स्क्रू प्रमाणाबाहेर आवळले तरी असाच परिणाम होतो. आख्खी रायफल दस्त्यात किंचित वाकते, किंवा मॅगझिनची पेटी वर दाबली जाऊन बोल्टच्या पोटाला लागते. स्क्रू थोडे सैल करून बोल्ट चालवून पाहिला की खरे-खोटे लगेच कळते.

मध्येच अडणाऱ्या बोल्टची गोष्ट लवकर संपते. मागेपुढे सरकताना बोल्ट तिरका झाला की तो ज्या घळीतून सरकतो तिच्यातच अडकतो. हॅन्डल एका बाजूला असल्याने ओढही एका बाजूनेच बसते. घळीत वाळू, वाळलेले तेल, पितळाचा चुरा असेल तर हे जास्त होते. विंचेस्टर कंपनीने आपल्या मॉडेल ७० मध्ये यासाठी एका लगला खाच आणि घळीत तिच्या जोडीची कड दिली, म्हणजे बोल्ट रुळावर राहावा. बाकी रायफलींसाठी घळ पुसून कोरडी करणे, तेलाचा एक पातळ हात आणि हॅन्डल सरळ मागे ओढण्याची सवय, एवढे पुरते. स्टेनलेस पोलादाच्या बोल्टची काळजी थोडी वेगळी. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे घासले की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात, म्हणून लगच्या मागच्या बाजूला तेलापेक्षा ग्रीस बरे.

आता खऱ्या काळजीची जागा. रिकामी असताना रायफल लोण्यासारखी चालते, पण गोळी झाडली की हॅन्डल उचलत नाही. इथे प्रश्न बोल्टचा नसतो, पुंगळीचा असतो, आणि त्यामागे दाब असतो. .३०-०६ या प्रसिद्ध शिकारी काडतुसाच्या दाबाची मान्य कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. या दाबाने पितळेची पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. तसे होणे आवश्यकही आहे, नाहीतर जळता वायू मागे येईल. चेंबरचे पोलादही त्या क्षणी अगदी थोडे ताणले जाते. दाब ओसरला की दोघेही आपल्या मूळ मापाकडे परततात. पितळ पोलादापेक्षा थोडे जास्त आखडते, म्हणून नेहमीच्या दाबात पुंगळी मोकळी होते. दाब मर्यादेबाहेर गेला की पोलाद नेहमीपेक्षा जास्त ताणले जाते, पितळ कायमचे पसरते, आणि परतताना पोलादाची पकड पुंगळीवर आवळते. उचलताना हाताला लागतो तो जडपणा या पकडीचा असतो. ही धोक्याची घंटा आहे, आणि ती ऐकून पुढची गोळी न झाडणे हाच शहाणपणा.

निघालेली पुंगळी निरखून पाहावी. बुडावर, जिथे कारखान्याचे शिक्के असतात, तिथे छोटा चकचकीत गोल डाग दिसला, तर पितळ बोल्टच्या तोंडावरच्या भोकात दाबले गेले असे समजावे. मधल्या प्रायमरवर, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या टोपीवर, पिनच्या खळग्याभोवती कडा उठलेली असेल, कोपरे सपाट झाले असतील, तर संशय आणखी वाढतो. यातली कोणतीही एक खूण एकटीने पक्का पुरावा ठरत नाही, पण जड हॅन्डलच्या जोडीने दिसली तर ती काडतुसे बाजूला ठेवावीत. मग तीच रायफल दुसऱ्या उत्पादनाच्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या काडतुसांवर तपासावी. बुडावरचे शिक्के इथे कामाला येतात. खडकीच्या कारखान्यात बनलेल्या थ्री-नॉट-थ्री काडतुसांवर ‘के. एफ.’ ही अक्षरे आणि सालाचे आकडे कोरलेले असत. एका सालाची काडतुसे अडतात आणि दुसऱ्या सालाची अडत नाहीत असे दिसले, तर रायफल निर्दोष सुटते.

सगळी काडतुसे अडत असतील तर चेंबरकडे वळावे. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रशियन मोसिन-नागांत रायफलीचे. १८९१ मध्ये झारच्या सैन्याने स्वीकारलेली ही रायफल कोट्यवधींच्या संख्येने बनली, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर कोठारांतल्या पेट्याच्या पेट्या अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या. हरणाच्या शिकारीसाठी ती घेणाऱ्यांची एकच ओरड असे: दहा-वीस गोळ्यांनंतर बोल्ट असा चिकटतो की लाकडाने ठोकावा लागतो. ठपका बहुतेक वेळा काडतुसांवर येई, कारण जुन्या सोव्हिएत पुंगळ्या लाखेसारखे रोगण दिलेल्या पोलादाच्या असत आणि ते रोगण तापून वितळते असे लोक मानत. दोष बहुधा भलतीकडेच होता. गंज लागू नये म्हणून कोठारात ठेवताना या रायफलींना कॉस्मोलीन नावाच्या घट्ट मेणासारख्या ग्रीसचा जाड थर देत. बाहेरचा थर पुसला जाई, चेंबरच्या भिंतीवरचा पातळ थर तसाच राही. रायफल तापली की तो डिंकासारखा चिकट होई. त्यात पोलादी पुंगळी पितळेइतकी आखडत नाही आणि मोसिनचे हॅन्डल आखूड, म्हणजे हाताला जोर कमी. चेंबरपेक्षा जरा जाड पितळी ब्रश आणि द्रावण घेऊन चेंबर चकचकीत होईपर्यंत फिरवला की कितीतरी रायफली कायमच्या बऱ्या झाल्या.

त्याच जुन्या काडतुसांनी दुसरा एक घोळही घातला. त्यांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हे क्षार मागे राहतात, जवळजवळ मिठासारखे. हवेतली ओल ते ओढून घेतात आणि नळी-चेंबर गंजून खड्डे पडतात. खड्ड्यांत पितळ दाबले जाते आणि पुंगळी अडते. तेलाने हे क्षार निघत नाहीत, पाण्याने निघतात: गरम पाणी ओतायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि मग तेल. ब्रिटिश फौजेतही रायफलच्या नळीत उकळते पाणी ओतण्याची शिस्त याच कारणाने होती. खड्डे एकदा पडले की पाणी किंवा तेल त्यांना भरून काढत नाही. मग चेंबर कारागिराकडून घासून घ्यावे लागते.

उन्हाचा मुद्दा भारताशी थेट जोडलेला आहे. बारूद जितकी तापलेली तितकी ती जोरात पेटते आणि दाब वाढतो. लंडनच्या गारव्यात सहज चालणारे काडतूस मध्य हिंदुस्थानच्या मे महिन्यात पुंगळी अडकवू शकत असे. समोर जखमी वाघ आणि बोल्ट बंद, ही अडचण बंदूक बनवणाऱ्यांनी मनावर घेतली. ब्रिटिश कारखाने उष्ण प्रदेशांसाठी कमी भाराची काडतुसे वेगळी भरत. १९११ मध्ये जॉन रिग्बी कंपनीने .४१६ रिग्बी आणले, तेव्हा त्याची पुंगळी मुद्दाम मोठी ठेवली, म्हणजे तीच ताकद कमी दाबात मिळावी आणि उन्हातही पुंगळी सुटावी. पुढच्याच वर्षी आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडची पुंगळी टोकाकडे निमुळती होत जाते. निमुळता आकार चेंबरमध्ये सहज शिरतो, आणि जरा मागे सरकला की लगेच भिंतीपासून मोकळा होतो. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ माउझरच, तुलनेने सौम्य दाबाचे काडतूस. आजही गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवलेली काडतुसे किंवा हिवाळ्यात स्वतः भरून तपासलेली काडतुसे उन्हाळ्यात हॅन्डल जड करतात. अमेरिकेत आणि युरोपात स्वतः काडतुसे भरणारे अनेक शिकारी हा धडा एकदा तरी शिकतात.

बंद करताना अडणारा बोल्ट बहुधा अशा स्वतः भरलेल्या काडतुसांचाच असतो. वापरलेली पुंगळी साच्यात पुरेशी दाबली गेली नाही की तिचा खांदा चेंबरच्या खांद्याला आधीच टेकतो. गोळी फार बाहेर बसवली तर ती नळीच्या आट्यांना भिडते. पुंगळीची मान लांब झाली तर ती चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात कोंबली जाते, गोळीला घट्ट पकडते आणि दाब एकदम चढतो. बंद करताना अडणाऱ्या सगळ्या कारणांत हे सर्वांत घातक. पुन्हा मार्करच उपयोगी पडतो: पुंगळीला शाई लावून हलकेच चेंबरमध्ये घालायची, शाई जिथे खरवडली तिथे मापात चूक. अस्सल माउझरमध्ये आणखी एक खोड असते. काडतूस मॅगझिनमधून न घेता थेट चेंबरमध्ये टाकले, तर बोल्टचा पुंगळी ओढून काढणारा लांब पंजा त्याच्या कडेवर चढत नाही आणि बोल्ट बंद होत नाही. जोर लावणारा पंजाच तोडून बसतो.

काडतूस झाडलेले नाही आणि बोल्टही उघडत नाही, अशी वेळ आली तर घरगुती उपाय थांबवावेत. नळीच्या तोंडातून सळई घालून जिवंत काडतूस ठोकणे म्हणजे प्राणाशी खेळ. रायफल सुरक्षित दिशेला धरून कारागिराकडे द्यावी. झाडलेली पुंगळी अडली असेल, आणि ती झाडलेलीच आहे याची पूर्ण खात्री असेल, तरच सळईचा हलका टोला चालतो. हॅन्डलवर हातोडी मारण्याआधी रेमिंग्टन ७०० च्या मालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तिचे हॅन्डल बोल्टवर डाखाने जोडलेले असते, आणि ठोकून ते निखळल्याची उदाहरणे आहेत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ संपला. तरी जुन्या परवान्यांवरच्या रायफली घराघरांत आहेत. त्यांत बऱ्याच .३१५ बोअरच्या: सैनिकी थ्री-नॉट-थ्री नागरिकांना मिळत नसे म्हणून इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्या धाटणीवर बनवलेली ही रायफल. वर्षानुवर्षे कपाटात, जुन्या तेलाचे कीट धरलेली, ओल खाल्लेली. तिचा बोल्ट अडला तर बहुधा तेल वाळून लाखेसारखे झालेले असते. बोल्ट काढून पुसणे, चेंबरला ब्रश मारणे मालकाला करता येते. त्यापुढची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घेण्याचा नियम आहे.

उन्हाच्या दुसऱ्या टोकाला आहे थंडी. उणे तीस-चाळीस अंशांत नेहमीचे तेल घट्ट होते, बोल्ट चिखलातून सरकावा तसा सरकतो आणि फायरिंग पिन इतकी हळू पुढे जाते की प्रायमर पेटतच नाही. ऊबदार तंबूत नेलेल्या रायफलीवर दव जमते आणि बाहेर आणल्यावर त्याचे बर्फ होते. म्हणून उत्तरेकडचे शिकारी रायफल रात्री बाहेरच, आडोशाला ठेवतात आणि बोल्ट जवळजवळ कोरडा राखतात. ज्या कॅनडाने रॉसचा फटका खाल्ला, त्याच देशाच्या आर्क्टिकमध्ये गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सनी १९४७ पासून ली-एनफिल्ड वापरली, कारण तिच्या सैल बांधणीला बर्फ आणि घाण सहन होत असे. सत्तर वर्षांनी तिची जागा फिनलंडच्या टिका रचनेवरच्या सी-१९ ने घेतली. जाड हातमोजे घालूनही उचलता यावे म्हणून तिच्या बोल्टच्या हॅन्डलची मूठ मुद्दाम मोठी ठेवली आहे.